मेणकाकांच्या हातची कवळी

थोरल्याचं पुढे कसं होणार, ही काळजी आईला सोडत नव्हती. सकाळी वाटीतल्या पाण्यातून कवळी काढून ती घासायला घेतली की काळजीही डोळे चोळत उठून बसायची आणि दिवसभर पदराला धरून मागे मागे फिरायची.

मुलगा वाईट मार्गाला लागला असता तर निदान काय करायचं ते कळलं असतं. रडता आलं असतं, अबोला धरता आला असता, पाळकांना मध्ये घालता आलं असतं. पण हा सुखात होता. चाळिशी उलटली, कपाळ मागे सरकत टाळूपर्यंत पोचलं, राहायला भाड्याच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीला खिडकी नाही, आणि तरी गडी सुखात. सुखात असलेल्या माणसाला त्यातून बाहेर कसं काढायचं, हे कुठल्याच आईला कोणी शिकवलेलं नसतं.

लहानपणापासून तो असाच. वडिलांनी हौसेनं सायकल आणून दिली, ती त्यानं गल्लीत इतक्यांना वापरायला दिली की शेवटी स्वतःचीच सायकल मागायला तो शेजारच्या दारात उभा राहायचा. "काकू, तुमचं काम झालं असेल तर जरा सायकल देता का?" आई खिडकीतून हे ऐकायची आणि कपाळाला हात लावायची.

त्यानं दातांचा डॉक्टर व्हावं अशी तिची फार इच्छा होती. गुण थोडे कमी पडले. त्या सुट्टीत तो सहज म्हणून एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गेला. तिथे कवळ्या बनवायची लॅब होती. काम बघायला म्हणून गेला तो तिथेच चिकटला. खाली पाटीवर डॉक्टरांचं नाव, खुर्ची, दिवा, रंगीत मासिकं; आणि तोंडात जाणारे दात मात्र वरच्या दोन खोल्यांत जन्माला यायचे. "माझा मुलगा दातांचं बघतो," असं आई लोकांना सांगायची. ऐकणाऱ्यानं डॉक्टर समजावं आणि आपण खोटंही बोललेलं नसावं, असा त्या वाक्याचा बेत होता.

सुनेकडून काही आशा करावी तर ती त्याच्याही वरताण. त्यांच्याकडे जेवायला बसलं की थोरला डोळे मिटून देवाचे आभार मानायला लागायचा, आणि ताटातलं निवून जायचं. छपरासाठी आभार, लॅबमधल्या काकांसाठी आभार, समोरच्या दुकानदाराचा पाय बरा झाला त्याबद्दल आभार. सून तल्लीन. शेवटी भुकेली नातच मध्ये खणखणीत 'आमेन' म्हणून टाकायची, आणि सगळे ताटांवर तुटून पडायचे.

थोरल्याच्या वडिलांचं बरोबर उलटं होतं. त्यांना दूरच्या शहरात मोठी नोकरी लागली तेव्हा त्यांनी आईला विचारलं होतं, "जाऊ ना?" आणि आई म्हणाली होती, "जा." ते बरोबरच होतं, घरात दोन पोरं होती, आणि आजही तिला ते चूक वाटत नाही. महिनाअखेरीला ते यायचे. दर बढतीला घराला एक खोली वाढायची. घर वाढत गेलं आणि त्यात बसणारं माणूस दिसेनासं झालं. मग एके दिवशी तिकडच्या लॉजच्या खोलीतच त्यांचं हृदय थांबलं. उशाशी कोणी नव्हतं.

थोरला तेव्हा लॅबमध्ये नुकता लागला होता. त्याच्याबरोबर वडिलांना आणायला कोण जाणार, असा प्रश्न आला. सख्खे चुलते 'गाडीचं बघतो' म्हणाले आणि बघतच राहिले. गेले ते मेणकाका, लॅबमधले त्याला काम शिकवणारे. नखांत सदा गुलाबी मेण अडकलेलं असायचं म्हणून सगळे त्यांना मेणकाका म्हणायचे. त्या दिवशीही ते हात न धुताच गाडीत बसले होते. परतीच्या सगळ्या वाटेत त्यांनी थोरल्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. सदऱ्यावरचा मेणाचा डाग पुढे कधी गेला नाही.

आता त्या सगळ्या खोल्यांत आई एकटी राहत होती.

धाकटी मात्र वडिलांवर गेलेली. मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, आणि बोलणं असं की गाडी सुटायला आली आहे. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"आई, नीट ऐक. मध्ये मध्ये 'बरं' म्हणू नकोस."

"बरं."

"अगं! इथल्या सगळ्यात मोठ्या डेंटल लॅबला कवळीच्या विभागाला प्रमुख हवाय. बरंचसं काम मशीनवर होतं, हाताखाली माणसं, राहायला घर. खिडक्यांचं घर, आई. मुलीला चांगली शाळा. मी स्वतः बोलले आहे त्यांच्याशी. दादानं फक्त हो म्हणायचं. सोमवारी सकाळी त्यांना कळवायचं आहे."

"मग दादा काय म्हणाला?"

"बघू म्हणाला."

थोरल्याचं 'बघू' घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी दूध पिणार का विचारलं की 'बघू', आणि पेला सायीसकट तसाच टेबलावर.

"तू सांग त्याला," धाकटी म्हणाली. "माझं तो हसून ऐकतो आणि सोडून देतो. तुझा शब्द आजवर मोडलाय का त्यानं? सोमवारच्या आत मला सांग."

आईनं फोन ठेवला. कितीतरी वर्षं ती देवाकडे हेच मागत होती, आणि आता ते पत्त्यासकट हजर झालं होतं. आडवं काय येतंय, तेही तिला ठाऊक होतं. आडवे येत होते मेणकाका. म्हाताऱ्याला एकटं टाकून थोरला जाणार नाही. काकांना बायको नाही, पोर नाही, लॅबमधली खुर्ची तेवढी आहे. तेव्हा मुलाशी बोलण्यात अर्थ नव्हता. काकांनाच हात जोडायचे, म्हणायचं, तुमचे उपकार विसरले नाही मी, पण माझ्या पोराला आता सोडा. एवढं एक वाक्य. तिनं ते मनात पाठ केलं आणि दुपारी निघाली.

दवाखान्याशेजारचा जिना अरुंद होता. वर ओल्या प्लास्टरचा आणि तापलेल्या मेणाचा वास. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा. आईला ते नेहमी एखाद्या सभेसारखे वाटायचे, सगळे आ करून बसलेले आणि बोलणारा कोणी आलेलाच नाही. काकांची खुर्ची रिकामी होती. डोळे दमतात म्हणून ते हल्ली दुपारीच घरी जायचे. थोरला पाठमोरा वाकून बसला होता. समोर लहानसा बर्नर. सुरीचं टोक तापवून तो गुलाबी मेणात बसवलेला दात अलगद सोडवत होता, किंचित फिरवून पुन्हा बसवत होता. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा.

"काका गेले वाटतं?"

तो केवढ्यानं दचकला. "आई! जिन्यात हाक तरी मारायची. हातातला दात पडला असता तर तुलाच शोधायला लावला असता."

"बसवलेले दात काढतोयस कशाला?"

थोरल्यानं आधी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. पण खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि आई कानांकडेच बघत होती.

"काकांचा हात आता स्थिर राहत नाही," तो म्हणाला. "फार नाही, थोडासाच. पण थोडासा म्हणजे तोंडात पुष्कळ होतो. ते गेले की मी परत बसवतो."

"सगळे?"

"सगळे."

"म्हणजे दोघांचं काम तू एकटा करतोस."

"काम एकाचंच आहे गं. फक्त दोनदा होतं."

आईला हसू येणार होतं, ते वाटेतच थांबलं. कारण तिची जीभ आपोआप उजवीकडच्या खालच्या हिरडीकडे गेली होती. तिथे कवळीची कड रुतायची. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. वर्षभर तिनं सफरचंदाचा तुकडा त्या बाजूला जाऊ दिला नव्हता.

"आणि माझी?" तिनं विचारलं.

थोरल्यानं बर्नर बंद केला.

"तुझ्या कवळीला माझा हात लागलेला नाही."

"म्हणजे साऱ्या जगाला नीट दात, आणि सख्ख्या आईला… वा रे माझ्या श्रावणबाळा!"

"ऐक तरी. काकांनीच सांगितलं होतं मला. म्हणाले, वहिनींची मी एकटा करणार, साच्यापासून पॉलिशपर्यंत. तू शिवायचं नाही. त्यांना बसली तर अजून जमतंय मला. नाही बसली तर त्याच दिवशी एप्रन काढून ठेवीन. मी शब्द दिला. मग ते तुझ्याकडे आले, आणि तू सांगितलंस."

आईला तो दिवस आठवला. खाली डॉक्टरांच्या खुर्चीत कवळी बसवून झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुखलं तर या, घासून देऊ. दोन दिवसांनी काका इस्त्रीचा सदरा घालून घरी आले आणि दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, "कशी आहे?" तोंडात निखारा धरल्यासारखं होत होतं. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला, तेही ह्या माणसाला, काय सांगायचं? "अहो काका, माझेच दात परत आल्यासारखे वाटतात," ती म्हणाली होती. पाहुण्याला चहा बरा झालाय का विचारल्यावर म्हणतात तसं. काका पायऱ्या उतरून गेले ते विशीतल्या पोरासारखे. पुढे ती दुखलं तरी दवाखान्यात गेली नाही. गेली असती तर कवळी वर लॅबमध्ये आली असती, त्यांच्याच टेबलावर.

"टोचते ना?" थोरल्यानं विचारलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. तू डावीकडूनच चावतेस. उपासनेत गीत म्हणताना नुसते ओठ हलवतेस."

"मग इतके दिवस मेल्या, तोंडाला कुलूप का घातलंस?"

"तुझं तोंड, आई. सांगायचं तुझ्या हातात होतं. मी वाट बघत होतो."

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि फळीवरचे जबडे किंचित थरथरले. आईनं स्टूल ओढून घेतलं.

"धाकटीचा फोन होता."

"माहीत आहे."

"बघू म्हणालास म्हणे. म्हणजे नाही."

तो हसला. मग तिनं त्याला विचारलं ते अगदी खालच्या आवाजात, एखाद्या अनोळखी माणसाला विचारावं तसं. "तुला कधीच वाटत नाही का रे, आपलंही काही मोठं व्हावं?"

थोरल्यानं सुरीचं टोक कापडानं पुसलं. घाईनं उत्तर द्यायची त्याला सवयच नव्हती. "वाटतं ना. खिडकी नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात फार वाटतं. मग सकाळी इथे येतो. काका चहा करून बसलेले असतात. माझ्या कपात एक चमचा साखर जास्त घालतात, कारण मी लागलो तेव्हा तसा प्यायचो. आता मला गोड सोसत नाही. पण पितो. आणि मग काय वाटत होतं ते विसरतो."

"आणि काका गेल्यावर? तोपर्यंत ती जागा तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

"नाही थांबणार."

"मग?"

"मग नाही." त्यानं खांदे उडवले. "बाबांच्या उशाशी कोणी नव्हतं, आई. मी त्या खोलीत शिरलो तेव्हा टेबलावर त्यांच्या ऑफिसचे बक्षिसाचे तीन कप होते. तेवढंच माणसासारखं उभं होतं तिथे." मग एकदम तो तिच्याकडे वळला. "पण तू म्हणालीस तर जाईन. मनावर दगड ठेवून नाही, खरंच जाईन. तू उगाच सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तू म्हण, मी जातो."

त्याऐवजी त्यानं वाद घातला असता तर बरं झालं असतं. भांडणाची तयारी तिच्याजवळ पुष्कळ होती. पण मुलानं आपलं उरलेलं आयुष्य असं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, आणि तिला कुठे हात लावावा कळेना.

खालून डॉक्टरांनी बेल वाजवली. कोणाची तरी ट्रायल होती, मेणातले दात तोंडात लावून बघायचे होते. थोरला एक जबडा घेऊन जिना उतरला, आणि त्याची पावलं पुरती विरली नाहीत तोवर दुसरी पावलं वर येऊ लागली. जड, पायरीपायरीला थांबणारी. ती कोणाची ते आईनं ओळखलं आणि काही विचार न करता टेबलावरचं कापड ओढून त्या अर्ध्या सोडवलेल्या दातांवर टाकलं. आपण हे काय केलं, हे तिला मागाहून कळलं.

"वहिनी! तुम्ही?" मेणकाका दारात उभे होते. "चष्मा विसरलो. डोक्यावर असेल म्हणून रस्ताभर डोकं चाचपलं. लोक म्हणत असतील, म्हातारा स्वतःलाच शाबासकी देत चाललाय. हसा बघू जरा!"

आई हसली. दुसरं काय करणार?

"वा," काका म्हणाले आणि लहान मूल खिडकीतून बघावं तसं वाकून त्यांनी तिच्या दातांकडे पाहिलं. चष्मा सापडला तो टेबलाच्या कडेला होता, कापडाच्या अगदी शेजारी. तो उचलताना त्यांचा हात कापडाला लागला. त्यांनी ते उचललं नाही. उलट त्याचं एक टोक वर राहिलं होतं, ते सारखं केलं.

"नीट झाकावं, वहिनी. धूळ बसते."

आईनं वर पाहिलं. काका आपल्या खुर्चीत बसले होते, एका हातानं दुसरा हात धरून.

"मला ठाऊक आहे तो काय करतो ते," ते म्हणाले. "दात मी बसवतो आणि दुसऱ्या सकाळी येऊन बघतो तर ते दुसरेच असतात. चाळीस वर्षं हेच केलंय, मला कळणार नाही? हाकलून पाहिलं मी त्याला. रागावून पाहिलं. म्हणतो, काका, अजून शिकायचं राहिलंय. काय राहिलंय ह्याचं, माझं डोंबल!" ते हसले, आणि हसता हसता थांबले. "पण तुमची कवळी माझी आहे. तिला त्याचा हात नाही. रोज सकाळी उठताना तोच विचार असतो, की एक तरी तोंड माझ्या एकट्याच्या हातावर जेवतंय. तेवढ्यावर इथवर चालत येतो."

आईच्या घशात पाठ केलेलं वाक्य होतं. ते तिथेच राहिलं.

"घरी बसायला मी घाबरतो, हे तुम्हांला सांगतो, त्याला सांगू नका. पण त्याची वाट अडवून बसलोय हेही मला दिसतं. आपल्या मनानं उठवत नाही हो. कारण लागतं. टोचायला लागली तर त्या दिवशी मला सांगा, वहिनी. मनात ठेवू नका. मी मोकळा, तोही मोकळा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "टोचत नाही ना कुठे?"

एकच शब्द म्हणायचा होता. तोही खरा. हिरडीवर त्या क्षणीसुद्धा कड बसली होती. आईनं त्यांच्या धरलेल्या हाताकडे पाहिलं. धरणारा हातही हलत होता.

"सांगेन," ती म्हणाली. "तसं झालं तर सांगेन."

रविवारी उपासनेत पाळकांनी नेमका संतुष्टपणाच घेतला. बेड्यांमध्ये बसून, आहे त्यात मी तृप्त आहे असं कळवणाऱ्या प्रेषिताबद्दल ते बोलले, आणि बोलले चांगलं. पण आईचं मन भलतीकडेच गेलं. त्या प्रेषिताला आई असेलच की. मुलगा तुरुंगात तृप्त आहे हे ऐकून ती माउली कोणापाशी रडली असेल? त्याबद्दल कुठे एक ओळ नाही. प्रार्थनेला डोळे मिटल्यावर तिला नेहमीसारखं मागता येईना. 'थोरल्याला चांगली जागा दे' म्हणावं तर दिलेली समोर होती. 'नको देऊस' म्हणवत नव्हतं. शेवटी ती नुसतीच बसून राहिली, डॉक्टरांच्या खुर्चीत बसावं तशी, तोंड उघडून, आवाज न करता.

दुपारी थोरला, सून आणि नात जेवायला आले. दर रविवारी यायचे. नातीनं सफरचंदाचा मोठा चावा घेतला आणि उरलेलं आजीपुढे धरलं. "घे ना, आजी, गोड आहे." आजीनं डावीकडून कुरतडल्यासारखं केलं. थोरल्यानं पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. सोमवारचं नावही त्यानं काढलं नाही. निघताना सुनेनं दारात आईचा हात धरला. "आई, तुम्ही जे ठरवाल ते आम्हांला चालेल हं." हीही तशीच! दोघं मिळून ओझं देऊन गेली, आणि वर हसत गेली.

ती गेल्यावर घर एकदम मोठं झालं. आई आतल्या खोलीत गेली, तिथून पलीकडच्या, तिथून गच्चीच्या खोलीत. एकेक खोली कुठल्या बढतीची ते तिला पाठ होतं. मग परत येऊन ती फोनशेजारी बसली. कवळी काढून वाटीत ठेवली, तोंडाला जरा आराम पडला आणि विचार सुचू लागले.

काकांना फोन करावा. टोचते म्हणावं. खरं तेच बोलणं, त्यांनी स्वतः मागितलेलं. काका एप्रन काढतील, थोरला मोकळा होईल, सोमवारी सकाळी धाकटीला हो म्हणता येईल. सगळं कसं सरळ होतं, आणि त्या सरळपणाचीच तिला भीती वाटत होती. वर्षभर हे खरं हिरडीत घेऊन ती बसली होती, तेव्हा ते कोणाला सांगावंसं वाटलं नाही. आजच वाटतंय, कारण आज त्याला किंमत आली आहे. म्हाताऱ्याच्या हातातली शेवटची गोष्ट काढून घ्यायची आणि वर देवासमोर जाऊन म्हणायचं, मी फक्त खरं बोलले. हे तिला जमणार नव्हतं.

मग गप्प राहावं? पण काकांनी विचारलं होतं, डोळ्यांत बघून, आणि ती 'सांगेन' म्हणाली होती. आता गप्प राहणं म्हणजे रोज सकाळी वाटीतून खोटं काढून तोंडात घालणं.

दुपार कलली. समोरच्या गच्चीवरचे कपडे शेजारणीनं काढून नेले. आईला काहीच ठरवता येईना, आणि ठरवलं नाही तरी सोमवार येणारच होता. तिला राहून राहून लॉजच्या खोलीतले ते तीन कप दिसत होते. थोरल्यानं त्यांच्याबद्दल आजवर कधी सांगितलं नव्हतं. घरी आणलेही नव्हते.

काकांशी खरं बोलायचं तर आधी त्यातून आपल्याला मिळणारं काढून टाकायला हवं, एवढं मात्र हळूहळू तिच्या ध्यानात आलं. ती जागा आधी जाऊ द्यायची. गेली म्हणजे गेली, परत मागता येणार नाही अशी. त्यानंतर काकांना सांगायचं, टोचते हो, पहिल्या दिवसापासून टोचते. तुमच्याच हातानं नीट करून द्या, पण थोरल्याला शेजारी बसवा, आणि कापड टाकू नका कशावर. ऐकून काका काय करतील? कदाचित तरीही एप्रन काढून ठेवतील आणि घरी जाऊन बसतील. तसं झालं तर थोरल्याकडे ना मोठी जागा, ना काका. दोन्ही आपल्या हातानं घालवल्यासारखं होईल. धाकटी तर वर्षभर बोलणार नाही. आणि एवढं करून काळजी काही कमी होणार नव्हती. उद्या सकाळी ती वाटीशी बसलेलीच असणार.

तिनं डोळे मिटले. "प्रभू, मला समाधान वाटत नाही," ती म्हणाली. "भीतीच वाटते. तरी बघ."

मग तिनं वाटीतून कवळी उचलली. दातांशिवाय बोललं तर धाकटीला अर्धं कळायचं नाही, आणि हे अर्धं कळून चालणार नव्हतं. कवळी बसवली. कड नेहमीच्या जागी रुतली. आईनं फोन उचलला आणि थोरल्याला मी काहीच सांगणार नाही, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या, हे सांगायला धाकटीचा नंबर लावला.